तीन रात्रींचं टिंब

अण्णांनी सुईच्या टोकावर बिबा खोचला आणि समईच्या ज्योतीवर धरला.

"तिला म्हणावं, हात सैल सोड. सुई टोचणार नाही, नुसती टेकवणार."

मी इंग्रजीत सांगितलं. रूथने हात सैल सोडला. बिबा चरचरला, त्यातून काळं, दाट तेल सुटलं. अण्णांनी ते तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटं खाली टेकवलं. मुगाच्या दाण्याएवढं टिंब उमटलं.

"आता विचार. आंब्याचा चीक उततो का? काजूचा?"

रूथ हसली. "आंबा मी फक्त डब्यातला खाल्लाय. काजू येताना विमानात दिले होते, छान होते."

"नाही म्हणते," मी अण्णांना सांगितलं.

"नाही म्हणते, का ठाऊक नाही म्हणते?"

"नाही, अण्णा."

"असू दे. तोंडाला आठवत नाही ते कातडीला आठवतं. म्हणून तर हे टिंब." त्यांनी सुई पुसून डबीत ठेवली. "आज रविवार. तीन रात्री जाऊ द्यायच्या. बुधवारी सकाळी चांगल्या उजेडात बघायचं. लाल नाही, खाज नाही, तर दुधातला बिबा सुरू करायचा. तोवर दुधात बिबा पडायचा नाही. मी नसलो तरी."

"हो, अण्णा."

"तुझ्यावर सोपवून चाललोय, पोरी."

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आंबोलीजवळच्या एका आरोग्यकेंद्रात मी नोकरीला होते. दळवी नावाच्या पुण्यात शिकलेल्या डॉक्टरांनी ते काढलं होतं. लाल चिऱ्याच्या दहा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक औषधघर आणि औषधघराला लागून माझी छोटी प्रयोगशाळा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी दोन वर्षं घरी बसले होते; हे काम मिळालं तेव्हा सावंतवाडीला आमच्या घरी पेढे वाटले होते. औषधांच्या चाचण्या करायच्या, नोंदी ठेवायच्या आणि परदेशी पाहुणे आले की अण्णांचं बोलणं इंग्रजीत सांगायचं, एवढं माझं काम. पाहुणे आता वाढत चालले होते. त्या सप्टेंबरात एका प्रवासी कंपनीने पहिल्यांदाच नऊ जण एकदम पाठवले होते, चौदा दिवसांसाठी.

अण्णा म्हणजे बाळगोंडा उपाध्ये, आजऱ्याकडच्या एका खेड्यातले जैन वैद्य. घरात पाच पिढ्यांची वैद्यकी. पदवी नव्हती. पांढरं धोतर, खिशात चष्म्याचं घर आणि खाकी कापडात गुंडाळलेली एक वही, जिच्यात पणजोबांपासून सगळ्यांची अक्षरं होती. सांध्यांच्या दुखण्यावर त्यांचा दुधात उकळलेला बिबा प्रसिद्ध होता. "आमची मंडळी एकवीस वर्षं दर हिवाळ्यात घेते," ते सांगायचे, "म्हणून अजून विहिरीचं पाणी शेंदते." बिबा हे विष आहे, हेही तेच सांगायचे. ज्याला सोसतो त्याला सोसतो, ज्याला उततो त्याचं अंग सोलून काढतो. म्हणून टिंब.

दशलक्षण पर्वाचे शेवटचे दिवस होते. दरवर्षी ते त्यासाठी गावी जात, क्षमावाणी करून परत येत. रविवारी दुपारच्या एसटीने ते गेले.

सोमवारी सकाळी दळवी औषधघरात आले.

"शिरोडकर, रूथबाईंचं दूध आज सुरू करायचं ना?"

"बुधवारी, सर. टिंब बघून."

"आज बघ की. एक रात्र झालीय."

"अण्णा तीन म्हणालेत."

"अण्णा अमावास्येला काढाही उकळत नाहीत. ते सगळं आपण पाळतो का?" ते स्टुलावर बसले. "हे बघ, बाई आल्या आहेत चौदा दिवसांसाठी. दोन प्रवासात गेले, एक ओळखीपाळखीत. बुधवारी सुरू केलं तर हातात काय राहतं? दहा मात्रांशिवाय गुण नाही, असं अण्णाच म्हणतात. या लोकांना पाच हजार वर्षांचं औषध हवंय, पण चौदा दिवसांत." स्वतःच्या बोलण्यावर ते हसले. "त्या कंपनीचा माणूस शुक्रवारी येतोय. एक तरी पाहुणा म्हणाला पाहिजे, की माझी बोटं वळायला लागली. मग बघ. तुझी ती परिषदही मार्गी लावतो. व्हिएन्नाला ना?"

व्हिएन्नाच्या परिषदेचं पत्रक तीन महिने माझ्या खणात होतं.

पण परिषदेसाठी मी तसं केलं, असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं होणार नाही. मला खरोखरच वाटत होतं, की एक रात्र पुरे. आम्लाचा थेंब हातावर पडला तर मिनिटात कळतं. बिब्याचं तेल कातडी भाजत असेल तर चोवीस तासांत दिसायलाच हवं. तीन रात्री म्हणजे तीन प्रदक्षिणा, तीन आचमनं, तसलाच काहीतरी आकडा असणार. अण्णांच्या वहीतलं खरं तेवढं घ्यायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, यासाठीच तर मी शिकले होते.

मी रूथच्या खोलीत गेले. छप्पन्न वर्षांची, उंच, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात मुलांना शिकवणारी बाई. तिच्या बोटांची पेरं सुपारीसारखी सुजलेली होती. ब्लाऊजची बटणं लावायला तिला दहा मिनिटं लागत.

"झोप लागली?"

"छान. आणि तुमचं हे काळं टिंब बघा, अंघोळ केली तरी जात नाही."

मी हात खिडकीशी नेला. टिंबाभोवतीची कातडी स्वच्छ होती. भिंग लावून बघितलं, बोटाने दाबून बघितलं. दुखतं का? नाही. खाजतं का? नाही. माझ्या नोंदवहीत लिहिलं: सोमवार, सकाळी आठ, प्रतिक्रिया नाही. खाली सही केली.

दूध करायचं काम तानूबाईचं. पन्नाशीची, हडकुळी बाई. बिबे विटकरीच्या पुडीत घासून शुद्ध करायचं कामही तिचंच. खोबरेल माखलेल्या हातांनी ती पोतंभर बिबे घासायची आणि तिला काही व्हायचं नाही.

"आज?" ती म्हणाली. "अण्णा तर बुधवार म्हनले हुते."

"मी बघितलंय टिंब."

"एका रातीत काय दिसतंय वो बाई?"

"तानूबाई, मी भिंगातून बघितलंय."

"भिंगातनं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. दूध उकळून, गाळून तिने वाटीत ओतलं. रूथच्या ओठांना, जिभेला तूप लावलं. रूथने डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी आजी असती तर म्हणाली असती, इतकं वाईट लागतंय म्हणजे गुण येणारच."

मंगळवारी दुसरी वाटी दिली.

बुधवारी पहाटे तानूबाई माझं दार वाजवत होती. रूथचे डोळे सुजून बंद झाले होते. मान, छाती, पोट, मांड्या लालबुंद. ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात हवेत धरून होती, कुठेही टेकवता येत नव्हते. ओरडत नव्हती. मी आल्याचं तिला पावलांवरून कळलं असावं.

"मी काही चुकीचं खाल्लं का?" तिने विचारलं.

तेव्हा मी तिचा डावा हात बघितला. टिंबाच्या जागी रुपयाएवढा फोड आला होता, पाण्याने भरलेला, कडा लाल आणि अगदी गोल. तीन रात्री झाल्या होत्या.

दळवींनी गाडी काढली. दुपारपर्यंत ती बेळगावच्या इस्पितळात होती.

शुक्रवारी मी तिला भेटायला गेले. चेहऱ्याची सूज थोडी उतरली होती, एक डोळा उघडत होता. नर्स अंगाला मलम लावत होती.

"गंमत सांगू?" रूथ म्हणाली. "मला हे ओळखीचं वाटतंय. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही रानात तंबूत राहायचो. तिथे एक वेल असते, पॉयझन आयव्ही. दर वर्षी अंगभर हेच. माझी आई म्हणायची, ही वेल तुला नावाने ओळखते."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक, उजवीकडचं पान, एक ओळ: आंबा, काजू, बिबा आणि अमेरिकेतली ही वेल, सगळे एका कुळातले. चीक एकाच जातीचा. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. आणि अंगाने एकदा ओळखलेल्या अशा विषाला कातडी उत्तर देते ते भाजल्यासारखं लगेच नाही, सावकाश. दोन दिवसांनी, तीन दिवसांनी.

अण्णांना ती वेल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या प्रश्नात ती नव्हती. त्यांच्या टिंबात होती.

बाहेर व्हरांड्यात दळवी थांबले होते. विमा कंपनीचा छापील कागद त्यांच्या हातात होता.

"एकच प्रश्न अडचणीचा आहे," ते म्हणाले. "पारंपरिक चाचणी पूर्ण मुदतीने केली होती का. हो की नाही."

"नाही," मी म्हणाले.

"सावकाश. नाही लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो, की कुणी आणि का. तुझी सही आहे, शिरोडकर. माझी नाही. तुझी एम.एस्सी. तिथेच संपते. केंद्र बंद पडतं, पंचवीस माणसं घरी जातात, तानूबाईसकट." त्यांनी कागदाची घडी केली. "हो लिहिलं, तर चाचणी केली, तरीही झालं. मग ती चाचणीच तशी. जुनी पद्धत, त्यात एवढंतेवढं व्हायचंच."

"आणि अण्णा?"

"अण्णांकडे घालवायला कागदच नाही," दळवी म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं बोलले.

रूथकडून काही कळण्याची भीती नव्हती. तीन रात्रींची अट मी तिला सांगितलीच नव्हती, फक्त टिंब घासू नका म्हटलं होतं; आणि दूध कोणत्या दिवशी सुरू झालं, हे त्या कागदात तिला विचारलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी नोंदवहीतलं पान काढलं आणि नवीन लिहिलं. बुधवार, सकाळी सहा, प्रतिक्रिया नाही. खाली: सकाळी सात, पहिली मात्रा. तीच निळी शाई, तीच सही. सहा मिनिटं लागली.

शनिवारी दुपारी अण्णा आले. एसटी स्टँडवरच त्यांना कळलं होतं. तरी दळवींच्या खोलीत शिरल्यावर आधी त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. आदल्या दिवशी क्षमावाणी झाली होती. गावात ज्यांना भेटता येत नाही त्यांना नंतर भेटून क्षमा मागायची, असा त्यांचा नेम.

"वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा," ते दळवींना म्हणाले. मग माझ्याकडे वळून तेच. चहा घेऊन आलेल्या तानूबाईलाही तेच.

"अवो अण्णा, मला कशाला," तानूबाई म्हणाली. ट्रे हातात असल्यामुळे तिला हात जोडता आले नाहीत.

मग ते खुर्चीत बसले. "आता सांग पोरी. टिंब कधी बघितलंस?"

तानूबाई दारात थांबली होती. दळवी खिडकीतून बाहेर बघत होते.

"बुधवारी सकाळी," मी म्हणाले.

"तीन रात्री जाऊ दिल्यास?"

"हो."

"उजेड होता?"

"हो, अण्णा."

"आणि काय होतं?"

"काही नव्हतं. स्वच्छ होतं."

"नंतर दूध दिलंस."

"हो."

"पहिल्याच वाटीला एवढं?"

मी होकारार्थी मान हलवली. मी पुढे सरकवलेली नोंदवही त्यांनी घेतली नाही. "वही कशाला, तू सांगतेस ना," म्हणाले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, खूप वेळ पुसला. ते भांडतील, उलटतपासणी करतील, तिला भेटतो म्हणतील, अशी माझी तयारी होती. रूथशी बोलायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरी जीभ नव्हती, तेव्हा त्यालाही मी घाबरले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, तर काय, हे मात्र मी धरलं नव्हतं.

"म्हणजे टिंब खोटं," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा परत चढवला.

"आजोबांनी चारशे माणसांना लावलं असेल. वडिलांनी त्याहून जास्त. मी किती लावली, मोजली नाहीत. सगळे वाचले ते नशिबाने वाचले म्हणायचे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं झालं तू होतीस. शिकलेलं माणूस होतं म्हणून कळलं तरी. नाहीतर मी असाच कुणाला तरी मारून बसलो असतो."

दळवींनी पुढे केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते न विचारता अण्णांनी सही केली. "त्या बाईंना सांग, मी क्षमा मागतो," जाताना ते मला म्हणाले. ते मी कधी सांगितलं नाही. सांगायचं तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

ते गेल्यावर तानूबाई चहाचे कप गोळा करत होती. अण्णांचा तसाच भरलेला होता.

"तुमा शिकलेल्या मान्सांची रात मोजायची रीतच येगळी दिसतीय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमच्यात सोमवारच्या आदी बुधवार येत न्हाई."

त्यानंतर तिने मला बाई म्हणणं सोडून दिलं. मॅडम म्हणायला लागली.

केंद्र बंद पडलं नाही. रूथ बरी होऊन घरी गेली. नाताळला तिचं कार्डही आलं, हात पूर्वीइतकेच दुखतात, पण डोंगर आठवतात, असं. माहितीपत्रकातून बिबा गेला, अण्णांचा फोटो गेला. मी व्हिएन्नाला गेले नाही, पण केंद्रही दोन वर्षांत सोडलं, पीएच.डी. केली. विषय बिबा. मला वाटलं होतं, सिद्ध करून दाखवलं की परतफेड होईल. सात वर्षं मी माणसांच्या हातांवर टिंबं लावली आणि चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी बघितली. बहात्तर तासांनी बघितलेल्या टिंबाने एकालाही फसवलं नाही. ज्यांना बिबा उतत होता, त्यांच्यातल्या दहापैकी सात जणांना चोवीस तासांच्या टिंबाने फसवलं.

तो निबंध जर्मनीतल्या एका मासिकात आला. तिकडे आपल्या औषधांची मागणी वाढत होती आणि त्यांना विषबाधेची धास्तीही होती. त्यामुळे निबंध खूप वाचला गेला. ती चाचणी आता तिकडच्या मार्गदर्शिकेत आहे आणि तिच्यापुढे कंसात माझं आडनाव आहे. म्युनिकच्या परिषदेत व्याख्यान झाल्यावर एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणाकडून कळलं? त्या वैद्यांना भेटता येईल का?"

सभागृहात दोनेकशे माणसं होती.

"ते आता हयात नाहीत," मी म्हणाले.

परत आल्यावर आठवड्याभराने मी अण्णांच्या गावी गेले. निबंधाची प्रत बरोबर घेतली होती.

ते ओसरीवर बसले होते. खूप वाळले होते, नीट दिसत नव्हतं, पण मला आवाजावरून ओळखलं. सूनबाईंनी पाणी आणलं. मी अण्णांच्या पत्नीची चौकशी केली.

"गेल्या की त्या. दोन वर्षं झाली," सूनबाई म्हणाल्या. "शेवटची सहा वर्षं अंथरुणातच होत्या. गुडघे अगदी धरले होते. आधी बिब्यानं कशा हिंडायच्या. मागायच्याही. मामंजींनी नाही दिला."

"कसा देणार?" अण्णा शांतपणे म्हणाले. "कुणाला सोसेल ते कळायचं साधनच नव्हतं माझ्याकडे."

"त्यांना तर एकवीस वर्षं सोसत होता, अण्णा."

"एकवीस वर्षं मी भाग्यवान होतो." त्यांनी सुनेला हाक मारली. "ती वही आण गं. पोरीला दाखव."

खाकी कापड तेच होतं. बिब्याच्या पानांवर, पणजोबांच्या, आजोबांच्या, वडिलांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या अक्षरांवर, तांबड्या पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक पानाखाली एकच शब्द होता: असत्य. पुढे त्यांची लहान सही.

"पुढं कुणाच्या हातात वही पडली तर चूक होऊ नये," ते म्हणाले. "तुझ्या पिशवीत काय आहे? कागद वाजतात."

मी निबंध बाहेर काढला. त्यांनी तो चाचपला, पानं मोजल्यासारखी उलटली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"कशावर आहे?"

"बिब्यावर. टिंबावर आहे, अण्णा. टिंब लावून तीन रात्रींनी बघावं, मग कळतं, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"मी."

ते घाबरले. खरोखर घाबरले, हाताने चाचपत त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको लिहूस असलं, पोरी. लोक विश्वास ठेवतील. खोटं आहे ते. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की नाही?"

सूनबाई चहा घेऊन आल्या आणि कप कुठे ठेवावा म्हणून थांबल्या. अण्णांनी मनगट सोडलं नव्हतं. ते उत्तराची वाट बघत होते.

"हो, अण्णा," मी म्हणाले. "बघितलं होतं." आणि निबंध परत पिशवीत ठेवला.